बारा मैलांच्या पलीकडे राज्य कोणाचं?

(या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज धोरणाबद्दल बोलायचंय. केंद्राचं धोरण, राज्याचं धोरण, आणि समुद्राच्या बाबतीत ती दोन एकमेकांशी जुळतात का. मला माहितीये, ‘धोरण’ शब्द ऐकला की तुमचा अंगठा पुढच्या भागाकडे जातो. थोडं थांबा. विषय तुमच्या ताटातल्या बांगड्याचा आहे, पापलेटच्या भावाचा आहे, आणि सिंधुदुर्गच्या समुद्रात मच्छीमारांनी एकमेकांच्या बोटी अडवण्यापर्यंत, मारामारीपर्यंत गोष्टी का गेल्या, त्याचा आहे.

हल्ली ‘ब्लू इकॉनॉमी’, नील अर्थव्यवस्था, हा शब्द प्रत्येक भाषणात असतो. बंदरं, मासेमारी, पर्यटन, समुद्रातली खनिजं, सगळं त्यात येतं. आणि त्याच्या आधी ‘शाश्वत’ हे विशेषण लावलेलं असतंच. मी आज एवढ्या सगळ्यावर बोलणार नाही. मासेमारी घेते, कारण केंद्र आणि राज्य यांच्यात फट कुठे पडते आणि त्या फटीत कोण अडकतं, हे मासेमारीत सगळ्यात स्वच्छ दिसतं.

तर आधी एक रेषा समजून घेऊ. किनाऱ्यापासून समुद्रात १२ सागरी मैलांवर. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर, म्हणजे ही रेषा साधारण २२ किलोमीटरवर येते. गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला लाँचने जाता ना, त्याच्या दुप्पट अंतर. ती रेषा कुठे आखलेली नाही, दिसत नाही, बोटीच्या जीपीएसवरच कळते. या रेषेच्या आतली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत. रेषेच्या बाहेर २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत, जो पट्टा आहे त्याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. बातम्यांमध्ये ‘ईईझेड’ ऐकलं असेल, तेच. तिथे केंद्राचं राज्य.

हे कुठून आलं? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतून. तिथे याद्या आहेत: केंद्राची, राज्याची आणि सामाईक. राज्याच्या यादीत २१ व्या क्रमांकावर आहे ‘मत्स्यव्यवसाय’. केंद्राच्या यादीत ५७ व्या क्रमांकावर आहे ‘प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी’. घटना लिहिली गेली तेव्हा आपले बहुतेक मच्छीमार शिडाच्या होड्यांनी किनाऱ्यालगत मासेमारी करायचे, त्यामुळे ही वाटणी कागदावर ठीक होती. मग इंजिनं आली, ट्रॉलर आले, बर्फाचे खण आले, मासा शोधणारी यंत्रं आली. १९७६ मध्ये केंद्राने सागरी क्षेत्रांचा कायदा केला आणि २०० मैलांवर हक्क सांगितला. महाराष्ट्राने १९८१ मध्ये आपला सागरी मासेमारी नियमन कायदा केला, तो १२ मैलांच्या आतला.

मधल्या रेषेचं काय करायचं, हे मात्र नीट कोणी ठरवलंच नाही.

आता पर्ससीनकडे येऊ. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठी बोट माशांचा थवा शोधते. थव्याभोवती गोल फेरी मारत जाळं सोडते. वर तरंडं, खाली शिशाची वजनं आणि कड्या. कड्यांमधून एक दोर गेलेला असतो. फेरी पूर्ण झाली की तो दोर ओढायचा, म्हणजे बटव्याची नाडी ओढावी तसं जाळं खालून बंद होतं. पूर्ण थवा आत. बांगडा, तारली, थव्याने फिरणारे सगळे मासे एका फेरीत टनांच्या हिशेबात सापडू शकतात.

याच्या दुसऱ्या टोकाला रापण. मालवणला सकाळी किनाऱ्यावर गेलात तर दिसेल. होडीतून समुद्रात जाळ्याचा अर्धगोल टाकायचा आणि मग तीस-चाळीस माणसांनी दोन्ही बाजूंनी किनाऱ्यावरून ओढायचं. जे मिळेल त्याची वाटणी. रापणीला समुद्रात जाता येत नाही. मासा किनाऱ्याशी आला तरच तिचं पोट भरतं. म्हणजे पंधरा मैलांवर थवा उचलला गेला, तर किनाऱ्यावरच्या रापणीला त्याचा पत्ता दोन दिवसांनी लागतो, जाळं रिकामं आल्यावर.

आणि इथेच सगळी गोम आहे. माशाला बारा मैल माहीत नाहीत. बांगडा आज राज्याच्या समुद्रात असतो आणि उद्या केंद्राच्या.

महाराष्ट्र सरकारने या वादावर डॉ. वि. स. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यांनी भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचं प्रमुखपद सांभाळलेलं होतं. समितीच्या शिफारशींच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने आदेश काढला. पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने कमी करायचे, हंगाम फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, आणि किनाऱ्याजवळ मनाई. पारंपरिक मच्छीमारांनी या आदेशासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते, उपोषणं केली होती. पर्ससीनवाल्यांचं म्हणणं होतं की आम्ही कर्ज काढून बोटी बांधल्यात, खलाशी आमच्यावर अवलंबून आहेत, चार महिन्यांत हप्ते कसे फेडायचे? हे म्हणणंही खोटं नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उभं राहिलात तर दोन्ही बाजूंची माणसं एकाच चहाच्या टपरीवर दिसतात.

आता जानेवारीतला एक दिवस डोळ्यासमोर आणा. राज्याच्या समुद्रात पर्ससीन बंद आहे. एक बोट जेट्टीवरून निघते. पर्ससीनचं जाळं बोटीवर आहे. गस्ती नौकेने अडवलं तर तांडेल म्हणणार, ‘साहेब, मी बाराच्या बाहेर चाललोय. तिथे तुमचा कायदा लागत नाही.’ संध्याकाळी तीच बोट पाच टन बांगडा घेऊन परत येते. कुठे पकडला? ‘बाराच्या बाहेर.’ बांगड्याच्या अंगावर अक्षांश-रेखांश लिहिलेले नसतात.

आता तुम्ही अधिकारी असाल तर काय कराल? कारवाई केलीत तर कोर्टात विचारतील, गुन्हा तुमच्या हद्दीत घडला याला पुरावा काय. सोडलंत तर रापणवाले कार्यालयासमोर येऊन बसतील.

हाच प्रश्न तामिळनाडूतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तामिळनाडूने २०२२ मध्ये पर्ससीनवर बंदी घातली. बोटमालकांनी विचारलं, १२ मैलांपलीकडे राज्य आम्हाला कसं अडवतं? २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: १२ मैलांच्या बाहेर, अनन्य आर्थिक क्षेत्रात, आठवड्यातून दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळात पर्ससीन चालेल. बोट नोंदणीकृत हवी, तिचा माग ठेवणारं यंत्र चालू हवं. मला हा आदेश वाचताना न्यायाधीशांची थोडी दयाच आली. देशाच्या समुद्राचं वेळापत्रक, वार आणि घड्याळासकट, न्यायालयाला लिहावं लागलं, कारण ज्यांनी एकत्र बसून लिहायचं होतं ते दोघंही आपापल्या रेषेच्या आत बसले होते.

आणि गंमत पाहा. त्या खटल्यात केंद्राने आपल्या तज्ज्ञ समितीचा हवाला दिला. त्या समितीचं मत असं की पर्ससीनमुळे मत्स्यसाठ्याची गंभीर हानी झाल्याचं दिसत नाही, तेव्हा अटी घालून १२ मैलांबाहेर परवानगी द्यावी. आणि इकडे सोमवंशी समितीचं म्हणणं, आवरा. तज्ज्ञ दोन्हीकडे. मग खोटं कोण?

माझं मत सांगते. दोघांना वेगळे प्रश्न विचारले गेले. एकाला विचारलं, खोल समुद्रातला एकूण साठा किती आहे आणि या जाळ्याने तो संपतोय का. दुसऱ्याला विचारलं, किनाऱ्यालगत एवढ्या बोटी असताना लहान मच्छीमाराच्या वाट्याला काय उरतं. एकूण साठा ठीकठाक असूनही रापण उपाशी राहू शकते. केंद्राच्या कागदात ‘साठा’ हा शब्द असतो आणि राज्याच्या कागदात ‘संघर्ष’. दोन्ही एका कागदावर येत नाहीत, ही खरी अडचण.

ही झाली आडवी रेषा, किनारा आणि खोल समुद्र यांच्यातली. आता उभ्या रेषा. गुजरात-महाराष्ट्र, महाराष्ट्र-गोवा, गोवा-कर्नाटक, कर्नाटक-केरळ.

पारंपरिक मच्छीमारांसाठी किनाऱ्यालगतचा पट्टा राखीव ठेवायचा, हे प्रत्येक राज्याला मान्य आहे. पण मोजायचं कसं? गोवा अंतराने मोजतो, किनाऱ्यापासून ५ किलोमीटर. महाराष्ट्र खोलीने मोजतो, आणि तेही वावात. वाव म्हणजे दोन हात पसरल्यावर होणारं माप, साधारण सहा फूट. ट्रॉलिंगसाठी ठिकाणानुसार ५ वाव किंवा १० वाव पाण्याच्या आत बंदी. कोळ्यांच्या दृष्टीने हे माप शहाणपणाचं आहे, कारण मासा किलोमीटर बघत नाही, पाण्याची खोली बघतो. पण पालघरकडे समुद्र उथळ, तिथे १० वाव पाणी लांब जाऊन लागतं. दक्षिणेकडे किनाऱ्यापासून पाणी लवकर खोल होतं, तिथे तीच रेषा जवळ येते. आता मलपीहून किंवा गोव्याहून निघालेला हायस्पीड ट्रॉलर मालवणच्या समोर आला तर त्याने कोणतं माप पाळायचं? कायद्याने महाराष्ट्राचं. त्याच्या डोक्यात मात्र घरचं माप असतं. आणि खरं सांगायचं तर अनेकदा कोणतंच नसतं. सिंधुदुर्गात ‘परप्रांतीय ट्रॉलर’ हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे. पण आपल्याही बोटी दुसऱ्याच्या पाण्यात जातात, हे आपण तेवढ्या मोठ्याने बोलत नाही.

पावसाळी बंदीचं बघा. पश्चिम किनाऱ्यासाठी केंद्राने १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरवलेत, पूर्व किनाऱ्यासाठी १५ एप्रिल ते १४ जून. अनेक माशांचा हा अंडी घालण्याचा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. पण केंद्राचा आदेश १२ मैलांबाहेरचा. आतल्या तारखा राज्य ठरवतं. केरळात यांत्रिक ट्रॉलरना बंदी ५२ दिवसांची असते, ९ जूनच्या मध्यरात्रीपासून. गुजरातने अलीकडे ती १५ ऑगस्टपर्यंत नेली. महाराष्ट्रात पूर्वी काय होतं माहितीये? १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यातलं जे आधी येईल ते. कायद्यात नारळी पौर्णिमा! मला हे फार आवडतं. कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला नियम सरकारने उचलला होता. सोन्याचा नारळ वाहायचा आणि मग होड्या पाण्यात लोटायच्या. मग एकसारखेपणासाठी ३१ जुलै आलं, आणि आता काही वर्षं बोटी आधी जातात, नारळ नंतर पडतो. म्हणजे जुळवून घेण्याच्या नादात आपण अधिक चांगला नियम सोडून कमी चांगला घेतला. जुने कोळी अजूनही नारळी पौर्णिमेपर्यंत थांबावं असंच म्हणतात. पण एकटा थांबणारा फसतो. शेजारच्याची बोट १ तारखेला गेली की तुमचीही जातेच.

म्हणून ‘सगळीकडे एकच नियम करा’ असं कोणी म्हणालं की मी लगेच मान डोलवत नाही. कोणता एक, हे आधी विचारा. सगळ्यात सैल नियम सगळ्यांना लावला तरी तो ‘समान’च असतो.

तारलीची गोष्टही याच मापाची आहे. केरळात तारली म्हणजे जीव की प्राण. २०१२ मध्ये तिथे जवळपास ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही आत. चूक ऐकलं नाहीत; लाखावरून हजारांवर. कारणं अनेक होती, समुद्राचं तापमान, एल निनो, आणि पिल्लांची बेसुमार पकड. नंतर ती सावरलीही, समुद्र उदार असतो. पण मधल्या वर्षांत हजारो घरांची चूल विझायची वेळ आली. केरळाने २०१५ मध्येच देशात सगळ्यात आधी माशांचा किमान आकार ठरवला होता. तारली १० सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर उतरवायची नाही. छान. पण फिशमीलचे, म्हणजे माशाची पावडर करणारे मोठे कारखाने शेजारी कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आहेत. केरळात उतरवता न येणारी बारीक मासळी सीमा ओलांडून त्या कारखान्यांकडे जाते, ही तक्रार तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं करत आलेत. एका राज्याने दार लावलं आणि शेजारच्याचं उघडं राहिलं, तर काय होणार?

महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. हातातला मोबाइल उभा धरा. तो साधारण १५-१६ सेंटिमीटर आहे. पापलेट त्याहून बोट-दीड बोट आखूड असेल तर ते पकडायलाच नको होतं. त्याच वर्षी आपण पापलेटला राज्यमासाही केलं. आता सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच आकडा असेल, तरच या आकड्याला अर्थ.

बरं, कुठे जुळलंय का काही? जुळलंय. एलईडी मासेमारी. रात्री बोटीवर जनरेटर लावून हजारो वॅटचे दिवे पाण्यावर सोडायचे, प्रकाशाकडे मासा, म्हाकूल, पिल्लं, सगळं गोळा होतं, मग जाळं. १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रात यावर बंदी घातली. सोबत दोन बोटींनी मिळून एकच जाळं ओढायच्या पद्धतीवरही, म्हणजे बुल ट्रॉलिंगवर. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तिन्हीकडे आतल्या पाण्यातही एलईडी बंद. रेषेच्या अलीकडे बंद, पलीकडे बंद. फट नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायदा सुधारून दंड लाखांत नेला. तरीही अंधाऱ्या रात्री मालवणच्या किनाऱ्यावरून क्षितिजावर उजेड दिसतो, अशी ओरड दर हंगामात असतेच.

मग जुळवून उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. उपयोग आहे. निदान आता वाद ‘हे चालतं की नाही’ यावर होत नाही, ‘पकडत का नाही’ यावर होतो. दुसरा प्रश्न सोडवता येतो. पहिल्या प्रश्नावर नुसती भांडणं होतात.

आता सगळ्यात ताजी गोष्ट. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नवे नियम अधिसूचित केले. त्याआधी २०२१ मध्ये विधेयकाचा मसुदा आला होता, त्यावर किनाऱ्यावर बराच गदारोळ झाला आणि तो मागे पडला. नव्या नियमांत यांत्रिक आणि मोठ्या मोटर बोटींना १२ मैलांबाहेर जायला ‘ॲक्सेस पास’ लागेल. तो ऑनलाइन, फुकट. पारंपरिक आणि लहान बोटींना पास नको. एलईडी, पेअर ट्रॉलिंग, बुल ट्रॉलिंगवर बंदी कायम. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य. मोठी बोट समुद्रात उभी राहणार आणि लहान बोटी तिला मासळी देणार, अशीही सोय. माशांच्या किमान आकाराबद्दल आणि मत्स्यव्यवस्थापन आराखड्यांबद्दलही त्यात तरतूद आहे, आणि हे आराखडे राज्यांशी बोलून करायचे आहेत.

‘राज्यांशी बोलून’. या दोन शब्दांवर माझं सगळं लक्ष आहे.

कारण आता परत त्या जानेवारीतल्या बोटीकडे या. नव्या नियमांनुसार ती पास काढते. पास म्हणतो, १२ बाहेर जा. राज्य म्हणतं, माझ्याकडे डिसेंबरनंतर पर्ससीन बंद. बोट रत्नागिरीतून सुटणार, म्हणजे राज्याच्या पाण्यातून २२ किलोमीटर जाणार आणि तेवढीच परत येणार. पास देताना केंद्राने राज्याचा हंगाम बघायचा का? माझ्या मते बघायलाच हवा. ज्या राज्यात बोटीची नोंदणी आहे, तिथे त्या महिन्यात ते जाळं बंद असेल, तर त्या जाळ्यासाठी पास मिळू नये. प्रत्येक बोटीच्या नंबरात ‘आयएनडी-एमएच’ असं लिहिलेलंच असतं, भारत आणि महाराष्ट्र. नोंदणीचं पोर्टलही देशभर एकच आहे. म्हणजे संगणकाला हे काम एका सेकंदाचं आहे. अडचण संगणकाची नाहीच.

पण यातही एक धोका आहे, आणि तो पर्ससीनवाले बरोबर दाखवतात. महाराष्ट्राच्या बोटीला पास नाही आणि कर्नाटकाच्या बोटीला आहे, असं झालं तर? रत्नागिरीचा मालक घरी बसणार आणि त्याच्या डोळ्यांदेखत मलपीची बोट त्याच पाण्यातला बांगडा उचलणार. मग तो नियम पाळणार नाही, आणि मी त्याला दोष देऊ शकणार नाही. त्यामुळे दिल्ली-मुंबई जुळवणं पुरत नाही. मुंबई-पणजी-बंगळुरू आधी जुळायला हवी. एकाच थव्यावर जगणारी राज्यं एका टेबलाशी बसली, बांगड्याचा हंगाम एक, जाळ्याच्या आसाचं माप एक, किमान आकार एक असं ठरवलं, आणि मग तेच केंद्राने बाराच्या बाहेर लागू केलं, तर क्रम बरोबर लागतो. दिल्लीने ठरवून खाली पाठवलं की काय होतं, ते नारळी पौर्णिमेच्या बाबतीत बघितलंच आपण.

आणि एक साधी गोष्ट, जिचा विसर पडतो. समुद्रात हद्द दिसत नाही, पण जेट्टी दिसते. मासा कुठेही पकडा, १० मैलांवर किंवा १०० मैलांवर, तो शेवटी कुठल्यातरी राज्याच्या बंदरात उतरतो. तिथे टोपल्या येतात, लिलाव होतो, बर्फ लागतो, ट्रक भरतो. तिथे कोणाचं राज्य याबद्दल वादच नाही. बोटीचा वार्षिक परवाना राज्य देतं. डिझेल परतावा सोसायटीमार्फत राज्य देतं. म्हणजे आकाराखालचं पापलेट उतरवलं, बंद हंगामात पर्ससीनचा माल उतरवला, तर ‘कुठे पकडलं’ हा प्रश्न विचारायची गरजच पडू नये. ‘इथे उतरवलं’ एवढं पुरेसं ठरायला हवं. त्यासाठी गस्ती नौकेला २० नॉटने पळावं लागत नाही. पहाटे चार वाजता एक माणूस मोजपट्टी घेऊन जेट्टीवर उभा राहिला तरी भागतं. अर्थात तो माणूस नेमावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो, आणि पहिल्याच आठवड्यात कोणाचातरी फोन आला तर त्याच्या पाठीशी उभं राहावं लागतं. ड्रोनच्या उद्घाटनाला फोटो चांगला येतो. मोजपट्टीचा येत नाही.

मला कोणी म्हणतं, केंद्र आणि राज्य यांचं जुळणं फार अवघड, आपली संघराज्य व्यवस्था गुंतागुंतीची, वगैरे. मी त्यांना वाढवणकडे बघा म्हणते. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील. १९९८ मध्ये तिथल्या प्राधिकरणाने बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने होकार दिला, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाला मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये भूमिपूजन झालं. भागीदारी ठरलेली: ७४ टक्के जेएनपीएची, २६ टक्के राज्याच्या सागरी मंडळाची. समुद्रात भराव टाकून १४०० हेक्टरहून जास्त जमीन तयार करायची आहे. बंदर हवं की नको, हा वेगळा आणि मोठा वाद, त्यावर स्वतंत्र भाग करू. मी फक्त एवढंच दाखवतेय की केंद्र-राज्य जुळवायचं ठरवलं तर टक्केवारीपर्यंत जुळतं. आणि ज्या पालघरच्या किनाऱ्यावर हे होतंय, तिथलं सातपाटी हे पापलेटचं गाव. राज्यमाशाचं. त्या पापलेटची आणि त्या बंदराची गाठ कोणत्या कागदावर पडते? मत्स्यव्यवसायाची फाइल एकीकडे, बंदराची दुसरीकडे, आणि मच्छीमाराचं नाव दोन्हीकडे ‘प्रकल्पबाधित’ किंवा ‘लाभार्थी’ म्हणून. नियम ठरवणारा म्हणून कुठेच नाही.

केरळाने कायद्यात दुरुस्ती करून गाव, जिल्हा आणि राज्य पातळीवर मत्स्यव्यवस्थापन परिषदांची तरतूद केलीये. त्या सगळीकडे छान चालतात असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकीत मच्छीमार बोलतात, इतिवृत्त लिहिलं जातं, आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तेच बोललं जातं. हे मला किनाऱ्यावरच्या इतक्या वेगवेगळ्या माणसांनी सांगितलंय की आता कोणी सांगायला लागलं की मी त्याचं वाक्य पूर्ण करू शकते.

मागच्या भागानंतर काही जणांनी मेसेजमध्ये विचारलं होतं, हे सगळं ठीक, पण आम्ही पुण्यात, नाशकात, नागपुरात बसून काय करायचं? बाजारातल्या मावशींशी भांडू नका, एवढं पहिलं सांगते. त्यांनी लिलावात जे आलं ते घेतलं. त्यांना दोनशे ग्रॅमची चार पापलेटं विकण्यापेक्षा चारशेची दोन विकायला आवडतात, भाव जास्त मिळतो. विचारा, ‘मावशी, मोठं नाही आलं का?’ रोज दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर ते लिलावापर्यंत जातं. आणि जून-जुलैत ‘ताजं’ म्हणून सुरमई समोर आली तर ती कुठून आली हेही विचारा. बर्फातली असेल, पूर्व किनाऱ्यावरची असेल, तिथली बंदी जूनच्या मध्यात उठते. उत्तर मिळेल.

आणि जे कोकणातले आहेत, ज्यांच्या घरात होडी आहे, त्यांना: ॲक्सेस पासचे नियम वाचा, सोसायटीत विषय काढा. मत्स्यव्यवस्थापन आराखडा महाराष्ट्राच्या बाजूने कोण लिहितंय आणि त्याचा मसुदा मराठीत कधी मिळणार, हे आपल्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी विचारा. लेखीच. तोंडी विचारलेलं इतिवृत्तातही येत नाही.

उत्तर आलं तर मला पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवते. नाही आलं तर किती दिवस झाले ते पाठवा. तेही वाचते.

चला, भेटू.